आधी स्वतःसाठी, मग रुग्णासाठी : पियानो वाजवणाऱ्या डॉक्टरांची पार्श्वभूमी

दिवसा रुग्ण तपासणारे आणि संध्याकाळी पियानोवर बसणारे डॉक्टर हल्ली वरचेवर पाहायला मिळतात. कुणी रुग्णालयाच्या दालनात वाजवतं, कुणी घरी ध्वनिमुद्रण करून मनाला दिलासा म्हणून लोकांपर्यंत पोचवतं. आपण ‘छान छंद आहे’ म्हणतो आणि पुढे जातो. पण या जोडीला अडीचशे वर्षांची परंपरा आहे. तीत एक गोष्ट सारखी दिसते : डॉक्टर बराच काळ पियानो वाजवत होते ते स्वतःच्या मनासाठी. तो रुग्णाच्या कामी येईल हा विचार फार उशिरा रुजला.

संगीताने रुग्णाला बरं वाटतं, ही समजूत मात्र खूपच जुनी. ग्रीकांनी तर संगीत आणि वैद्यक ही दोन्ही खाती अपोलो या एकाच देवाकडे सोपवली होती. १४८८ साली आजच्या तुर्कस्तानातल्या एदिर्ने इथे उभारलेल्या उस्मानी रुग्णालयात रुग्णांसाठी वादक असत. स्पेनचा राजा पाचवा फिलिप खोल औदासीन्यात बुडाला, तेव्हा १७३७ मध्ये फारिनेल्ली या गायकाला मुद्दाम दरबारी आणलं गेलं आणि त्याचं गाणं हाच राजाचा उपचार ठरला. या सगळ्यात वैद्य वेगळा आणि कलावंत वेगळा. दोन्ही कामं एकाच माणसाने करायची, तर साथीदारांवाचून घरी एकट्याला वाजवता येईल असं वाद्य हवं होतं.

ते फ्लॉरेन्समध्ये १७००च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने घडवलं. हार्पसिकॉर्ड या आधीच्या पट्ट्यांच्या वाद्यात तार छेडली जाते, त्यामुळे पट्टी कशीही दाबली तरी आवाजात फारसा फरक पडत नाही. क्रिस्तोफोरीच्या वाद्यात तारेवर हातोडी पडते आणि बोटाच्या जोरावर स्वर हळुवार किंवा दणदणीत होतो. शिवाय स्वरावली आणि तिची साथ दोन्ही एकाच माणसाच्या हातात. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत युरोपातल्या सुशिक्षित घरांमध्ये पियानो आला. डॉक्टर याच घरांमधून येत. मला वाटतं, या जोडीमागचं खरं कारण इतकं साधं आहे. ‘उपचार करणारे हात आणि सूर छेडणारे हात’ वगैरे काव्य नंतर चिकटलं.

व्हिएन्नात हे सर्वांत ठळकपणे दिसतं. छातीवर बोटांनी ठोकून आवाजावरून आतला आजार ओळखायची पद्धत लेओपोल्ड आउएनब्रुगरने १७६१ मध्ये मांडली. त्या काळी तिच्याकडे फार कुणी लक्ष दिलं नाही. पण हा माणूस संगीतात मुरलेला होता. संगीतकार सालिएरीच्या एका ऑपेराची, म्हणजे संगीतनाटकाची, संहिता आउएनब्रुगरने लिहिली, आणि त्याच्या दोन मुली पियानोवर इतक्या तयार होत्या की थोर संगीतकार हायडनने १७८० मध्ये सहा सोनाटा (पियानोसाठीच्या रचना) त्यांना अर्पण केले. ठोक्याच्या आवाजातला बारीक फरक असा कान असलेल्याच डॉक्टरला जाणवावा, यात नवल नाही.

शंभरेक वर्षांनी त्याच शहरात थेओडोर बिलरोट होता. जठराचा कर्करोगग्रस्त भाग कापून काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया त्याने २९ जानेवारी १८८१ रोजी केली. तरुणपणी त्याला संगीतच करायचं होतं. वैद्यकाकडे वळला तो घरच्यांच्या आग्रहाने. पियानो चांगला वाजवायचा, व्हायोला हे व्हायोलिनसारखं वाद्यही शिकला. संगीतकार ब्राम्स त्याचा जिवलग मित्र. ब्राम्सच्या कितीतरी नव्या रचना आधी बिलरोटच्या घरी खासगी मैफलीत वाजत आणि मग जाहीर कार्यक्रमात. १८७३ मधल्या, चार तंतुवाद्यांसाठीच्या दोन रचना ब्राम्सने त्यालाच अर्पण केल्या. एखाद्या माणसात संगीताची जाण कुठून येते, यावर बिलरोट अखेरपर्यंत लिहीत होता. ते लेखन त्याच्या मृत्यूनंतर १८९५ मध्ये प्रसिद्ध झालं. एवढं असून वॉर्डातल्या रुग्णांना पियानो ऐकवणं हा त्याच्या वैद्यकाचा भाग कधी झाला नाही. संगीत होतं ते शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बिलरोटसाठी.

रशियात संगीतकार बोरोदिन वैद्यक शिकून रसायनशास्त्राकडे गेला. आजारी पडून व्याख्यानं बंद झाली की त्याला संगीतरचनेला सवड मिळे. त्यामुळे मित्र त्याला गमतीने आजारपणाच्या शुभेच्छा देत.

आल्बर्ट श्वाइट्झरची गोष्ट यापुढची. संगीतकार बाखच्या रचना वाजवणारा हा नाणावलेला ऑर्गनवादक तिशीत वैद्यक शिकायला लागला आणि १९१३ मध्ये डॉक्टर म्हणून आफ्रिकेत, आजच्या गाबोनमधल्या लांबारेनेला गेला. पॅरिसच्या बाख सोसायटीने त्याला ऑर्गनसारखी पायपट्टी असलेला खास पियानो दिला होता. दमट हवेत टिकावा म्हणून त्याला आतून जस्ताचं अस्तर होतं. आता कला सोडायची, असं ठरवून गेलेला हा माणूस कामातून वेळ काढून त्या पियानोवर बाख पाठ करत राहिला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये नजरकैदेत असताना तर वाद्यही नव्हतं. तेव्हा तो टेबलाला पट्ट्या आणि जमिनीला पायपट्टी मानून सराव करायचा. ऐकणारं कुणी नाही, आवाजसुद्धा नाही. स्वतःसाठी वाजवणं याहून स्पष्ट काय असणार?

रुग्णाकडे वळण मिळालं ते यंत्रामुळे. १९१४ मध्ये अमेरिकी शल्यविशारद इव्हान केन याने शस्त्रक्रियागृहात फोनोग्राफ (ध्वनिमुद्रित संगीत वाजवणारं जुनं यंत्र) लावल्याचं वैद्यकीय नियतकालिकात कळवलं. भेदरलेल्या रुग्णाचं लक्ष दुसरीकडे जावं, एवढाच हेतू. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या रुग्णालयांनी संगीताची मागणी वाढवली, आणि १९४४ मध्ये मिशिगनमध्ये संगीतोपचाराचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला.

मग अतिशयोक्तीही आली. १९९३ मध्ये मोत्झार्ट ऐकल्यावर काही विद्यार्थ्यांचे एका चाचणीतले गुण थोड्या वेळापुरते वाढले, आणि त्यावरून बाळांना हुशार करणाऱ्या कॅसेटींचा बाजार उभा राहिला. त्या मानाने २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला आढावा फार कमी लोकांना माहीत आहे. ७३ चाचण्या, सुमारे ७,००० रुग्ण; शस्त्रक्रियेच्या वेळी संगीत ऐकलेल्यांना वेदना आणि चिंता कमी जाणवल्या, वेदनाशामकही कमी लागली. पूर्ण भूल दिलेली असताना संगीत लावलं तरी नंतर फरक दिसला. रुग्णालयातला मुक्काम मात्र कमी झाला नाही. म्हणजे संगीत आजार हटवत नाही, तो सोसणं थोडं सोपं करतं.

आज न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ रिचर्ड कोगन शूमान किंवा चायकोव्स्की अशा संगीतकारांच्या मनोवस्थेवर बोलतात आणि लगेच त्यांच्याच रचना पियानोवर वाजवतात. हार्वर्डला असताना चेलोवादक यो-यो मा यांच्याबरोबर ते तिघांच्या वादकगटात वाजवत. तरीही त्यांनी वैद्यक सोडलं नाही, आणि ऐकायला येणाऱ्यांत डॉक्टरही पुष्कळ असतात.