व्हिडिओ-तूट

लहान मुलाला एखादी गोष्ट समोरच्या माणसाकडून जितकी चटकन उचलता येते, तितकी तीच गोष्ट पडद्यावर पाहून उचलता येत नाही. बालविकासाच्या अभ्यासात या तफावतीला व्हिडिओ-तूट म्हणतात. हे नाव डॅनियल अँडरसन आणि टिफनी पेम्पेक या अमेरिकी अभ्यासकांनी २००५ मध्ये दिले. दीड-दोन वर्षांच्या मुलांत ही तूट विशेष ठळक असते, तिसऱ्या वर्षानंतर ती कमी होत जाते.

नावावरून सगळा दोष व्हिडिओचा वाटतो, पण प्रयोग पाहिले तर उणीव निघते ती उत्तर देणाऱ्या माणसाची. मूल आधी माणसांच्या सोबतीने विचार करायला शिकते आणि मग एकट्याने, असे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी मांडले होते. ते १९३४ मध्ये वारले, म्हणजे टीव्ही घराघरांत पोहोचण्याच्या कितीतरी आधी.

सर्वांत बोलका प्रयोग पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांचा (२००३). इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळे त्यांनी निवडली. मँडरिन चिनी बोलणारी माणसे त्यांच्यासमोर बसून खेळणी दाखवत, पुस्तके वाचत. अशा १२ बैठका झाल्या. मग इंग्रजी कानाला सारखीच वाटणारी दोन मँडरिन व्यंजने बाळांना वेगळी ओळखता येतात का, ते तपासले. (ज्याच्या भाषेत ‘ळ’ नाही त्याला तो अनेकदा ‘ल’च ऐकू येतो, तसलाच हा प्रकार.) या बाळांना ती तैवानमध्ये मँडरिन ऐकत वाढलेल्या बाळांइतकीच ओळखता आली. पण तीच माणसे, तोच मजकूर ज्यांनी टीव्हीवर पाहिला किंवा नुसता ऐकला, ती बाळे मँडरिन कधीच न ऐकलेल्यांच्या पुढे गेली नाहीत. याच परंपरेतल्या २०१८ च्या प्रयोगात बाळांनी स्वतः पडद्याला हात लावून व्हिडिओ सुरू करायचा होता. शेजारी दुसरे बाळ असले की आवाजांतला फरक मेंदूच्या प्रतिसादांत अधिक चांगला उमटला. सोबतीला मोठे माणूस नव्हते, आपल्याएवढेच एक बाळ होते, तरीही.

जॉर्जीन ट्रोसेथ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दोन वर्षांच्या मुलांना खेळणे कुठे लपवले आहे ते पडद्यावरच्या बाईकडून सांगितले. आधी चित्रित करून ठेवलेल्या व्हिडिओतली बाई सांगू लागली तेव्हा मुलांनी त्या माहितीचा फारसा उपयोग केला नाही. तीच बाई थेट जोडणीवरून पाच मिनिटे मुलाशी बोलली, खेळली, आणि मग सांगितले, तेव्हा मुले बरोबर जागी गेली. २०१४ मध्ये नवी क्रियापदे शिकवतानाही हेच दिसले. व्हिडिओ कॉलवर मुले शिकली. दुसऱ्याच मुलाशी झालेल्या कॉलचे रेकॉर्डिंग दाखवले तेव्हा मात्र नाही. त्यातली व्यक्तीही हसत होती, विचारत होती, थांबत होती. फक्त तिच्या बोलण्याचा या मुलाशी मेळ नव्हता.

सांगलीची आजी न्यू जर्सीतल्या नातवाला फोनवर विचारते, “नाक कुठंय बाळाचं?” तो कानाला हात लावतो. “अगं बाई, ते तर कान!” तो खिदळतो आणि हात नाकावर नेतो. बालगीतांचा व्हिडिओही नाक कुठे ते विचारतो, दोन सेकंद थांबतो आणि मुलाने कशालाही हात लावला तरी “शाब्बास!” म्हणतो.

पडदा मुलासाठी लावलेला नसला तरी तो सामाजिक वातावरण बदलतो. मालिका चालू आहे, मूल खाली डबे-झाकणांत रमले आहे, “ते कुठं बघतंय?” म्हणून कोणी टीव्ही बंद करत नाही. दिमित्री क्रिस्टाकिस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मुलांच्या अंगावर ध्वनिमुद्रक ठेवून मोजणी केली. टीव्ही ऐकू येण्याच्या दर तासामागे मुलाच्या कानी पडणारे मोठ्यांचे शब्द सरासरी ७७० ने कमी भरले. टीव्हीचा आवाज मोठ्यांनाही गप्प करतो, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

तान्ह्यांना शब्द शिकवण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चित्रफितींचाही असाच निकाल लागला. ज्युडी डीलोश यांच्या २०१० च्या अभ्यासात १२ ते १८ महिन्यांच्या मुलांनी महिनाभर अशी चित्रफीत पाहिली, पण ती न पाहिलेल्यांपेक्षा त्यांना जास्त शब्द आले नाहीत. सर्वाधिक शब्द आले ते आईवडिलांनी चित्रफितीशिवाय, रोजच्या व्यवहारात तेच शब्द शिकवले त्या मुलांना. गंमत म्हणजे ज्या पालकांना चित्रफीत आवडली होती, त्यांना आपले मूल बरेच शिकले असे वाटत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाच्या मुलांना पडद्यापासून दूरच ठेवावे आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त पडदा नको, असे सुचवले. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये दीड वर्षाखालील मुलांसाठी पडदा टाळायला सांगताना एकच अपवाद ठेवला, तो व्हिडिओ कॉलचा.