शक्ती नसलेला मुलगा आणि शक्ती अजून न आलेला मुलगा

सुपरमॅन, त्याची बायको लोइस आणि त्यांची दोन पोरं यांच्यावरची ‘सुपरमॅन अँड लोइस’ ही मालिका संपून बराच काळ लोटला, तरी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी तिच्यावरून अजून वाद पेटतो. भाचा कॉमिक वाचणारा. त्याचं म्हणणं, “मामा, कॉमिकात सुपरमॅनच्या पोराला, जॉनला, पॉवर हाय की! मग मालिकेत एवढी वर्षं कशाला अडवून धरली? शेवटी दिली ते लई बेस केलं.” त्याच्या थोरल्या बहिणीला नेमकं तेच खटकतं. “त्यो तसाच ऱ्हायला पायजे हुता,” एवढंच ती म्हणते आणि उठून जाते.

दोघांचं ऐकताना वाटतं की भांडण एका मुलावरून चाललंय. खरं म्हणजे डोक्यात दोन वेगवेगळे मुलगे आहेत आणि दोन वेगवेगळ्या गोष्टी. एक शक्ती नसलेला, दुसरा शक्ती अजून न आलेला. वरवर दोघं सारखेच दिसतात: बाप आकाशात उडतो, हा जमिनीवर. पण लेखकाने कुठला मुलगा हाती घेतलाय यावर अख्खी गोष्ट फिरते.

आधी कॉमिक आणि मालिका यांतला घोळ सोडवू. कॉमिकातला जॉन, म्हणजे जोनाथन सॅम्युएल केंट, 2015 साली वाचकांसमोर आला. तो क्लार्क (म्हणजेच सुपरमॅन) आणि लोइस यांचा एकुलता एक मुलगा. लहानपणीच त्याच्या अंगात बापाचे गुण दिसू लागतात आणि 2021 मध्ये तर तो स्वतः सुपरमॅनचं नाव लावून स्वतंत्र मासिकात आला. मालिकाही 2021 च्या फेब्रुवारीतच सुरू झाली, पण तिथे घरात जुळे आहेत, जोनाथन आणि जॉर्डन, चौदा वर्षांचे. जॉर्डन हा मूळ कॉमिकात नाहीच. मालिकावाल्यांनी एका मुलाच्या वाट्याचं दोघांत वाटलं: नाव जोनाथनला ठेवलं, शक्ती जॉर्डनला दिली. त्यामुळे “कॉमिकात आहे म्हणून हवी” हा भाच्याचा मुद्दा मला पटत नाही. नाव तेच असलं तरी मुलगा नव्याने घडवलेला आहे.

आणि घडवला आहे तो फार विचाराने. जोनाथन खेळाडू, शाळेच्या फुटबॉल संघातला डाव चालवणारा क्वार्टरबॅक (आपल्या शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल नव्हे, हातात चेंडू घेऊन पळायचा अमेरिकेतला), चारचौघांत मोकळा, अंगाने धडधाकट. जॉर्डन बुजरा, गर्दीला घाबरणारा. बापाचा वारसा यांतल्या कुणाकडे जाईल असं विचारलं तर कुणीही जोनाथनकडे बोट दाखवेल. पहिल्याच भागात शेकोटीपाशी मारामारी होते आणि डोळ्यांतून आग बाहेर पडते ती जॉर्डनच्या. जोनाथन तिथेच उभा असतो.

कोल्हापूरकराला हे समजवायला तालमीत नेलं की पुरे. नावाजलेल्या पैलवानाची दोन पोरं लाल मातीत उतरतात. एकाचं अंग अजून भरलेलं नसतं. वस्ताद त्याला जोर-बैठका वाढवून देतो, खुराक वाढवतो आणि वाट बघतो. दुसऱ्याची ती काठीच नसते. ही गोष्ट शहाण्या वस्तादाच्या वेळेवर ध्यानात येते आणि तो त्याला आखाड्यातच वेगळी जागा शोधून देतो. कुणी हलगी वाजवतो, कुणी मालिश शिकतो, कुणी शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेल्या खासबाग मैदानावर माईक हातात घेऊन कुस्तीचं निवेदन करतो. पहिल्या पोराच्या बाबतीत लोक विचारतात, “कधी?” दुसऱ्याच्या बाबतीत प्रश्न असतो, “मग हा कोण?” दोघांना एकाच काट्यावर तोललं की दुसऱ्यावर अन्याय होतो, कारण त्याचं सगळं जगणं मग नुसतं खोळंबून राहणं ठरतं.

पडद्यावर दोन्ही जातीचे नमुने आहेत. ‘स्काय हाय’ (2005) मधला विल हा दोन सुपरहिरोंचा मुलगा. शक्ती नाही म्हणून शाळेत त्याला मदतनिसांच्या वर्गात बसवतात आणि मध्यावर त्याच्या अंगात बळ येतं. तो न आलेल्यांतला, आणि चित्रपट ते लपवत नाही. ‘एन्कांतो’ (2021) मधली मिराबेल नसलेल्यांतली. घरात प्रत्येकाला काही ना काही देणगी, तिला नाही. शेवटी घर पुन्हा उभं राहतं, बाकीच्यांच्या देणग्या परत येतात, तरी तिला स्वतःची अशी देणगी मिळत नाही. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी चोख आहेत, कारण लेखकाला आपण कुठली सांगतोय हे माहीत होतं.

‘सुपरमॅन अँड लोइस’ ने तीन पर्वं मिराबेलची वाट धरली आणि चौथ्यात विलच्या वाटेला लागली. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती मोठी आहे.

दुसऱ्या पर्वात जोनाथन एक्स-क्रिप्टोनाइट नावाचं द्रव्य घेतो. इनहेलरमधून ओढायचं आणि थोडा वेळ शक्ती उसनी घ्यायची. तो पकडला जातो, शाळेतून काढलं जातं, पण ज्या मुलीकडून ते मिळालं तिचं नाव सांगायला तो नकार देतो. मोह, घसरणं आणि घसरल्यावरही कुणाला बळी न देणं, हे त्या मुलाचं. त्याच पर्वात उलट्या जगातला, म्हणजे आपल्या जगाच्या उलट्या प्रतिबिंबासारख्या दुसऱ्या जगातला जोनाथनही भेटतो. त्याच्याकडे सगळी शक्ती आहे आणि तो खलनायकाच्या बाजूने उभा आहे. शक्ती मिळालेला जोनाथन कसा असू शकतो याचं एक उत्तर मालिकेने स्वतःच दिलं होतं.

तिसरं पर्व मला सगळ्यांत जवळचं. जोनाथन गावच्या फायर ब्रिगेडमध्ये शिकाऊ म्हणून जातो. हा धागा लेखकांना फार सुंदर सापडला होता. ज्याचा बाप आगीतून चालत गेला तरी केस जळत नाही, त्या घरातला मुलगा हेल्मेट घालतो, नळी ओढायला शिकतो, धुरात श्वास कसा धरायचा ते शिकतो. तो भाजू शकतो, मरू शकतो, आणि तरी जातो. बापाकडून त्याला काय मिळालं हे दाखवायला याहून थेट प्रसंग सुचणं अवघड. ताकद एका मुलाकडे गेली आणि लोकांसाठी धावून जायची ओढ दुसऱ्याकडेही तितकीच आली, हे इथे न बोलता कळतं.

चौथ्या पर्वात जोनाथनलाही शक्ती येते. भाचा म्हणतो तसं त्याला कारण आहे, आणि ते कारण हलकं नाही. पर्वाच्या सुरुवातीलाच डूम्सडे नावाचा राक्षस सुपरमॅनला मारतो, घर उघडं पडतं, अशा वेळी दुसरा मुलगाही उभा राहावा असं कुणालाही वाटेल. जोनाथनला शक्ती कधीच येणार नाही असं मालिकेने कुठे छातीठोक सांगितलंही नव्हतं. आई माणूस, बाप क्रिप्टॉन ग्रहावरचा, दोघांच्या रक्ताचं मिश्रण कुठल्या मुलात कसं उतरेल याला नियम नाही. कथेच्या नियमांत ते बसतं.

पण कथेच्या अर्थात बसत नाही. शक्ती आली त्या क्षणी मागची तीन पर्वं मागे जाऊन बदलतात. हेवा, इनहेलर, शाळेतून निघणं, फायर ब्रिगेड, हे सगळं एका मुलाचं आयुष्य होतं, ते आता शक्ती यायच्या आधीचा काळ ठरतं. शक्तीशिवाय जगणाऱ्या ज्या मुलाने घरातली ही वेगळी जागा कमावली होती, त्या जागेवर आता कुणीच उरत नाही. शेवटी दोन्ही भाऊ पोशाख घालून बापाशेजारी उभे राहतात. दृश्य देखणं आहे, मलाही भरून आलं. पण तेव्हा दोघांत फरक काय उरला, हे सांगायला मालिकेकडे वेळ नव्हता. चौथं पर्व अवघ्या दहा भागांचं, आणि त्यात सुपरमॅनचं मरण, त्याचं परत येणं आणि त्याचा वैरी लेक्स ल्युथर हे सगळं उरकायचं होतं.

शक्ती द्यायचीच होती, तर पहिल्या पर्वापासून तो न आलेल्यांतला आहे अशी पेरणी करायला हवी होती. मग भाच्याचं समाधान झालं असतं आणि भाचीचीही फसवणूक झाली नसती. तसं केलं नव्हतं, तर बाप मेल्यावर फायर ब्रिगेडचं हेल्मेट घातलेला जोनाथन डूम्सडेने उद्ध्वस्त केलेल्या गावात माणसं बाहेर काढताना दाखवायचा, आणि वर आकाशात एकटा जॉर्डन. माझं मत भाचीच्या बाजूने पडतं ते याच दृश्यापायी. ते मालिकेत नाही, पण तिसऱ्या पर्वाने त्याची सगळी तयारी करून ठेवली होती.