फावल्या वेळात घरी कॅटामरान : सामान घेण्याआधी हे वाचा

दर दिवाळीनंतर कुणीतरी दुकानात येऊन म्हणतं, "कॅटामरान बांधायचीय, सगळं सामान एकदम देऊन टाका." आम्ही देत नाही. धंद्याला हे बरं नव्हे, पण अर्ध्यावर सोडलेल्या बोटीवर पार्किंगमध्ये धूळ बसताना पाहणं त्याहून वाईट.

कॅटामरान म्हणजे शेजारी-शेजारी ठेवलेले दोन हल आडव्या तुळयांनी जोडलेली बोट. (हल म्हणजे इथे नांगर नव्हे, बोटीचा पोकळ देह.) आधी नावाबद्दल. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणं आणि 'मरम' म्हणजे लाकूड. मूळ कट्टुमरम हा ओंडके दोरानं आवळून केलेला तराफा. दोन हलच्या बोटीला हे नाव युरोपियनांनी पुढे चिकटवलं. घरी बांधणाऱ्यांचा आदर्श म्हणजे जेम्स व्हॅरम. हा इंग्रज 1955-56 मध्ये स्वतः बांधलेल्या साडेतेवीस फुटी दुहेरी होडीतून अटलांटिक पार करून गेला. त्याच्या आराखड्यांत आडव्या तुळया हलना दोरानंच आवळतात, म्हणजे नाव अगदीच वाया गेलेलं नाही.

हे बांधणं पुण्यातल्या माणसाच्या कामाचं आहे. 16 फुटी कॅटामरान जोडल्यावर साधारण 8 फूट रुंद होते, पण एकेक हल अरुंद असतो. एका गाडीच्या जागेत एक हल पुरा करायचा, भिंतीकडेला सरकवायचा आणि दुसरा घ्यायचा. फक्त बाहेर काढायची वाट आधी मोजा. आमचा स्वतःचा पहिला हल तळघरातल्या पार्किंगच्या रॅम्पवर वळेना. शेवटी आठ जणांनी तो उभा करून काढला. प्लायच्या दोन पट्ट्या 16 फुटी जोडून त्या वाटेवरून फिरवून आणल्या असत्या तर तेव्हाच कळलं असतं.

प्लाय
मरीन प्लाय घ्या, आयएस 710 शिक्क्याचा. आयएस 303 चा फर्निचरला उत्तम, बोटीला नको. शिक्का असला तरी कड बघा, थरांत पोकळी दिसली तर शीट परत करा. जुन्या पातेल्यात तुकडा चार-पाच तास उकळा. थर सुटले तर त्यात पैसे घालू नका, मग तो आमच्याकडचा असला तरी. शीट 8 फुटी असल्यानं 16 फुटी हलला तिरका जोड लागतो, म्हणजे दोन्ही कडा उतरत्या तासून एकमेकींवर चिकटवायच्या. उताराची लांबी जाडीच्या आठपट, म्हणजे 6 मिमी प्लायला 48 मिमी. धारदार रंध्यानं एका दुपारी जमतं.

पुढचं काम शिंप्याचं. कापलेल्या फळ्यांच्या कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेनं टाके घालायचे, आतल्या कोपऱ्यात इपॉक्सीची (रेझिन आणि हार्डनर कालवून होणाऱ्या गोंदाची) लगदी भरायची, तारा काढायच्या आणि सांध्यावर फायबरग्लासची पट्टी बसवायची.

इपॉक्सी
बोटी इथेच बिघडतात. पाण्याच्या टाक्यांना वापरतात ते पॉलिस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण लाकडाला नीट धरत नाही, ते नको. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलं असेल तेच, वजनकाट्यावर मोजून. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर ते चिवट न होता मऊ किंवा ठिसूळ राहतं. तापमान 10 अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत सकाळी लवकर काम करा, थोडं-थोडं कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. भरलेल्या मगात ते तापून धूर सोडतं.

पावसाळ्यात याउलट. दमट हवेत सुकणाऱ्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो न काढता पुढचा हात मारला तर सुटतो. थिनरनं पुसू नका, साध्या पाण्यानं आणि घासणीनं धुवा, मगच घासा. आमचा सल्ला एवढाच : चिकटवण्याची कामं दसऱ्यानंतर ते मेअखेरपर्यंत. पावसात डोलकाठी, सुकाणू, शिडाची दोरखंडं उरकून घ्या. शनिवार-रविवारच हाती असतील तर दोन हिवाळे धरून चाला.

हातमोजे प्रत्येक वेळी. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. घासताना मास्कही हवा. सँडर (घासायचं यंत्र) मात्र दुपारी 1 ते 4 लावू नये. कारण पुणेकरांना सांगायला नको.

ऊन इपॉक्सीला खातं, म्हणून वरून रंग हवाच. फिका घ्या, गडद रंगाचा डेक उन्हात पाय टेकू देत नाही.

पाण्यावर
खडकवासल्याचं पाणी शहर पितं. तिथे किंवा पानशेतला बोट टाकण्याआधी जलसंपदा विभागाकडे परवानगीची चौकशी करा, बांधून झाल्यावर नव्हे. इंजिन लावलं की 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणीचा प्रश्न येतो, शीड-वल्ह्यांवर भागवलंत तर सोपं जातं. लाइफ जॅकेट माणशी एक. नेताना दोर सोडून हल वेगळे करा आणि 17 फुटी आयशर सांगा.

पहिल्या भेटीत काय न्याल
आमच्याकडून अर्धा किलो इपॉक्सी आणि 6 मिमी प्लायचा तुकडा. घरी तिरका जोड करा, आठवडाभर सुकू द्या आणि घेऊन या. काउंटरवरच आपण तो गुडघ्यावर मोडू. जोडाजवळचं लाकूड फाटलं तर जोड पक्का, शीट काढून ठेवतो. जोड सुटला तर आणखी एक तुकडा न्या, त्याचे पैसे घेत नाही.