ईपेलसाठी पुनर्लिखित सॉफ्टवेअरचे पॅकेजिंग

ईपेल ही फेडोरा या मुक्तस्रोत लिनक्स प्रकल्पाची पूरक रेपॉझिटरी, म्हणजे सॉफ्टवेअरचे कोठार, आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स (रेल), सेंटओएस स्ट्रीम, अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स अशा प्रणालींच्या मूळ संचात नसलेली मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तिच्यातून मिळतात. मूळ संचातले पॅकेज (स्थापनेसाठी तयार बांधलेले सॉफ्टवेअर) ईपेलने बदलायचे नाही आणि त्याच्या आड यायचे नाही, हा तिचा पहिला नियम. रेड हॅट या पॅकेजांना व्यावसायिक आधार देत नाही. ती सांभाळतात मेंटेनर, बरेचसे स्वयंसेवेने.

एखादे सॉफ्टवेअर मूळ लेखकांनी मुळापासून पुन्हा लिहिले की मेंटेनरची खरी कसोटी लागते. मेलिंग लिस्ट चालवणाऱ्या मेलमनचे उदाहरण बोलके आहे. मेलमन २.१ पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्ती २ वर चालत असे आणि प्रत्येक यादीची माहिती स्वतंत्र फाइलमध्ये ठेवत असे. रेलच्या मूळ संचात ते आवृत्ती ८ पर्यंत होते, ९ मध्ये नाही. २०१५ मध्ये आलेले मेलमन ३ माहिती डेटाबेसमध्ये ठेवते, आणि त्याचे तुकडेही वेगळे आहेत: टपाल हाताळणारा गाभा, व्यवस्थापनासाठी पोस्टोरियस, जुन्या पत्रांसाठी हायपरकिटी. शेवटचे दोन जँगो या पायथनमधल्या वेब-चौकटीवर उभे आहेत.

म्हणजे एका पॅकेजच्या जागी अनेक पॅकेजे आणि त्यांच्या डिपेंडन्सींची (त्यांना चालायला लागणाऱ्या इतर पॅकेजांची) लांब साखळी. प्रत्येक कडी सहसा आधी फेडोरात हवी, मग ईपेलच्या शाखेत. इथेच काळाचा मेळ बसत नाही. रेल ९ चा मूळ पायथन ३.९ आहे आणि तो त्या आवृत्तीच्या साऱ्या आयुष्यात तसाच राहणार, जँगो ५.० ला मात्र किमान ३.१० लागतो. मग जँगोच्या जुन्या दीर्घ-आधार आवृत्तीवर थांबायचे, की रेलमधल्या दुसऱ्या, नव्या पायथनसाठी सगळी साखळी पुन्हा बांधायची? दुसरा मार्ग निवडला की प्रत्येक सुरक्षा-दुरुस्तीचा भारही अंगावर येतो.

पॅकेज कसे बांधायचे हे सांगणारी स्पेक फाइल लिहिणे, मॉक या साधनाच्या स्वच्छ वातावरणात बिल्ड (बांधणी) तपासणे, मग फेडोराच्या कोजी या बांधणी-यंत्रणेवर अधिकृत बिल्ड करणे हे नेहमीचे काम. कोजीवरच्या बिल्डला इंटरनेट मिळत नाही, त्यामुळे राहून गेलेली डिपेंडन्सी तिथे लगेच उघडी पडते. तयार पॅकेज बोधी या अद्ययावतीकरण-यंत्रणेमार्फत आधी चाचणी-रेपॉझिटरीत जाते.

नावाचा निर्णय त्याहून नाजूक असतो. नव्या पॅकेजच्या स्पेक फाइलमध्ये जुन्याला कालबाह्य ठरवणारी ‘ऑब्सोलीट्स’ ही ओळ घातली, तर साध्या अद्ययावतीकरणातच जुने निघून जाते आणि नवे येते. पण मेलमन ३ जुन्या फाइली आपणहून उचलत नाही. प्रत्येक यादी ‘इम्पोर्ट२१’ या आदेशाने आत घ्यावी लागते, पत्रसंग्रह वेगळा. पहाटे आपोआप झालेल्या अद्ययावतीकरणात असे घडले तर सकाळी याद्या बंद. म्हणून फेडोरात नवे पॅकेज ‘मेलमन३’ या स्वतंत्र नावाने आले, आणि ते योग्यच झाले: स्थलांतर कधी करायचे हे सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवायचे असते.

जुन्याच नावाखाली विसंगत आवृत्ती आणणे अटळ असेल, तर ईपेलच्या नियमांनुसार आधी जाहीर सूचना आणि सुकाणू समितीची संमती लागते. ईपेल १० मध्ये रेलच्या प्रत्येक उपआवृत्तीसाठी वेगळी शाखा असते, त्यामुळे असा बदल उपआवृत्ती पालटताना आणण्याची सोय झाली आहे.