ड्रॅगनचं शरीर: मॉडेलची ऑर्डर देण्याआधी

नाटक, गणेशोत्सवातला देखावा, शाळेचं स्नेहसंमेलन किंवा टेबलावर मांडायचा खेळ, यांसाठी आमच्या सांगलीतल्या कार्यशाळेतून ड्रॅगन करून घेणाऱ्यांसाठी हे माहितीपत्रक आहे. रंग, डोळ्यांतले दिवे, शिंगांची लांबी हे शेवटच्या आठवड्यातही बदलता येतं. सांगाड्याचं वेल्डिंग झालं की तो बदलत नाही. म्हणून तुमच्या कथेतला प्राणी उडतो का, काय खातो आणि आग कुठून आणतो, एवढं ठरवूनच या. सांगलीच्या रंगभूमीने १८४३ पासून राक्षस पाहिले आहेत. राक्षसाच्या आत नट असतो, त्याच्या हालचालीने सोंग जिवंत होतं. ड्रॅगनच्या आत कुणी नसतं. तिथे प्रेक्षकाची नजर सरळ सांध्यांवर जाते.

पाय किती आणि पंख कुठे

जमिनीवरच्या पाठीच्या कण्याच्या प्राण्यांना हात, पाय, पंख मिळून जास्तीत जास्त चार अवयव असतात. पक्षी आणि वटवाघूळ यांचा पंख म्हणजे त्यांचा पुढचा पायच. त्यामुळे दोन पाय आणि दोन पंख असलेला ड्रॅगन निसर्गाच्या नियमात बसतो आणि आम्हाला करायलाही सोपा जातो. चार पाय आणि वर दोन पंख म्हणजे सहा अवयव. ते कल्पनाविश्वात खुशाल चालतात, पण मग पंखांना स्वतंत्र खांदा द्यावा लागतो. पुढच्या पायांच्या खांद्यामागे दुसरं खांद्याचं हाड आणि त्यावर स्नायूंचा उंचवटा दिसला पाहिजे. पाठीवर नुसता पंख चिकटवला की तो दप्तरासारखा दिसतो. अशा ड्रॅगनचं धड आम्ही नेहमीपेक्षा साधारण चौथा हिस्सा लांब घेतो, नाहीतर दोन खांदे एकमेकांत घुसतात.

तिसरी सोय पश्चिम घाटात राहते. तिथल्या उडत्या सरड्याचे चारही पाय मोकळे असतात. लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेल्या कातडीचा तो पंख करतो. त्याला पंख फडफडवता येत नाहीत, फक्त एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जाता येतं. लहान, झाडावरचा ड्रॅगन हवा असेल तर ही रचना आम्ही आग्रहाने सुचवतो.

चिनी पद्धतीच्या ड्रॅगनला पंख नसतात. शिंगं हरणाची, खवले माशाचे, अंग सापाचं आणि नातं पाऊसपाण्याशी. त्याला आग लावू नका.

वजनाचा हिशेब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. प्राण्याची लांबी दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट होतं. इंडोनेशियातली कोमोडो घोरपड ३ मीटर लांब आणि सुमारे ७० किलोची होते. तीच अंगलट ठेवून ६ मीटरचा ड्रॅगन केला तर तो ५६० किलोचा भरेल. आजच्या उडणाऱ्या पक्ष्यांत वजनदार गणल्या जाणाऱ्या माळढोकाचा नर १५ किलोच्या आसपास असतो. लुप्त झालेल्या उडत्या सरीसृपांपैकी क्वेट्झलकोॲटलसच्या पंखांचा पसारा १० मीटरच्या घरात होता आणि वजनाचा अंदाज २०० ते २५० किलो. उडणाऱ्या प्राण्याची ज्ञात मर्यादा साधारण इथे येते.

म्हणून उडणाऱ्या ड्रॅगनचं पोट आम्ही सडपातळ ठेवतो आणि छाती खोल. कबुतराच्या छातीचे स्नायू त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी नसतात. ते धरून ठेवायला छातीच्या हाडाला नांगराच्या फाळासारखी कड असते. ती कड मॉडेलवर समोरून दिसायला हवी. गुबगुबीत पोटाचा, सपाट छातीचा ड्रॅगन गोड दिसतो, पण प्रेक्षकांना तो उडेलसा वाटत नाही.

मोठा, भरदार देहच हवा असेल तर कथेतलं जग बदला. शनीच्या टायटन या उपग्रहावर हवा पृथ्वीच्या सुमारे चौपट दाट आहे आणि गुरुत्व पृथ्वीच्या सातव्या हिश्श्याएवढं. अशा जगात अवजड प्राणीही छोट्या पंखांवर तरंगेल. मग देखाव्यात दाट धुकं, उंच सडपातळ झाडं आणि संथ हालचाल दाखवावी लागेल. तेही आधी सांगा.

पंखाची घडी

वटवाघळाच्या पंखात अंगठा मोकळा असतो आणि उरलेली चार बोटं लांब होऊन कातडीचा पडदा ताणतात. आम्ही हीच रचना वापरतो. बोटांमधली पडद्याची कड आतल्या बाजूला वळलेली कापायची, बाहेर फुगलेली कापली की पडदा सैल दिसतो. पडद्याची मागची कड मागच्या पायापर्यंत न्यायची.

मिटलेला आणि उघडा पंख वेगवेगळे मागणारे ग्राहक बहुतेक वेळा मिटलेला पंख आखूड काढून आणतात. हाडं आखूड होत नाहीत. खांदा, कोपर आणि मनगट अशा तीन ठिकाणी पंख मुडपतो आणि बोटं एकमेकांना लागून मागे जातात. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतची लांबी मनगट ते शेपटीच्या मुळापर्यंतच्या अंतरापेक्षा जास्त झाली, तर मिटलेला पंख मागे जमिनीवर घासतो. चित्र काढताना हे एक माप पट्टीने तपासा. मांडवाची रुंदी १५ फुटांपेक्षा कमी असेल तर एक पंख उघडा आणि एक मिटलेला घ्या. दोन्ही अर्धवट उघडे ठेवले तर दोन्ही अडकल्यासारखे दिसतात.

चालणारा ड्रॅगन मिटलेल्या पंखाच्या मनगटावर भार देतो. पायांची ठेवण ठरवायला सांगली परिसरातल्या कृष्णाकाठच्या मगरींचे व्हिडिओ बघा, काठावर उतरू नका. मगर विश्रांती घेताना पाय बाजूला पसरून पोट टेकते आणि चालायला लागली की पोट उचलते. झोपलेल्या आणि चालत्या ड्रॅगनमध्ये हा फरक आम्ही काटेकोर पाळतो.

आग

खरी आग ओकणारा कुठलाही प्राणी नाही. पण आगीसाठी लागणारा प्रत्येक भाग निसर्गात सुटा सुटा सापडतो.

इंधनाचे दोन मार्ग आहेत. गाय-म्हशीच्या पोटात चारा आंबून मिथेन तयार होतो आणि तो मुख्यतः ढेकरेतून बाहेर येतो. हवेत मिथेनचं प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तेव्हाच तो पेट घेतो. त्यामुळे निव्वळ मिथेनने भरलेली पिशवी अंगात पेटत नाही, तोंडाबाहेर हवेत मिसळल्यावर पेटते. त्याची ज्योत मिसळलेल्या हवेत सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटर वेगाने सरकते. ड्रॅगनने त्याहून जोरात फुंकलं की ज्योत घशात परतत नाही. नीट मिसळलेल्या मिथेनची ज्योत निळसर असते, काजळी फार थोडी.

पिवळी, धुराळ ज्वाला हवी असेल तर तेल घ्या. फुल्मार नावाचा समुद्रपक्षी शत्रूवर पोटातलं तेल फेकतो. आफ्रिकेतले काही नाग दाताच्या पुढच्या बाजूच्या छिद्रातून विषाची पिचकारी मारतात. तेल आणि पिचकारी एकत्र आणली की ड्रॅगन तयार. अशा ड्रॅगनच्या ओठांवर आणि नाकपुड्यांभोवती आम्ही काजळीचा थर देतो. मिथेनवाल्याला तो देत नाही, मात्र त्याच्या जबड्यामागे गॅसच्या पिशवीसाठी सैल, घड्या पडलेली कातडी ठेवतो.

ठिणगीसाठी विजेचा मासा आहे, तो शेकडो व्होल्टचा झटका देतो. तोफकिडा नावाचा भुंगेरा तर पोटातल्या एका कप्प्यात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साठवतो, दुसऱ्या कप्प्यात विकरं (एन्झाइम), आणि ती मिसळून सुमारे १०० अंश सेल्सिअसचा फवारा आवाज करत सोडतो. यात ज्वाला नसते, फक्त उकळती वाफ. शाळेच्या रंगमंचासाठी आम्ही हाच वाफेचा ड्रॅगन सुचवतो, कारण तो दाखवायला पाण्याचं धुकं करणारं छोटं यंत्र आणि लाल एलईडी पुरते.

मॉडेलमध्ये खरी ज्योत, फटाका किंवा स्पिरिट आम्ही बसवून देत नाही. तुम्हीही बसवू नका. फोम आणि कापड काही सेकंदांत पेटतं. ज्वाला हवी असेल तर नारिंगी आणि पिवळ्या पातळ रेशमी पट्ट्या, त्यांच्या मुळाशी १२ व्होल्टचा पंखा आणि खालून एलईडी. पंखा जबड्यात न ठेवता मानेत ठेवायचा, म्हणजे पट्ट्या त्यात गुंतत नाहीत.

कातडी, दात, अंडी

सांध्यांवर खवले बारीक, पाठीवर मोठे, पोटावर सापासारखे आडवे पट्टे. सगळीकडे एकाच मापाचे खवले लावले की अंग फरशीसारखं दिसतं. मगरीच्या पाठीवरच्या उंचवट्यांखाली हाडाच्या चकत्या असतात. त्या चिलखत देतात आणि वजनही वाढवतात, म्हणून उडणाऱ्या ड्रॅगनच्या पाठीवर एक-दोनच ओळी. कोमोडो घोरपडीच्या दातांच्या धारेवर लोहाचा नारिंगी थर असतो, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. दात पांढरेशुभ्र रंगवण्याऐवजी धारेला नारिंगी झाक द्या, लांबून फार छान दिसते. राणी ड्रॅगन एकटीच अंडी घालते अशी कथा असेल तर निर्धास्त राहा, कोमोडो माद्यांनी नराशिवाय पिल्लं दिल्याची नोंद २००६ मध्ये झाली आहे.

खरे साळिंदराचे काटे किंवा घोरपडीचं कातडं आणून दिलंत तरी आम्ही लावणार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली ते बाळगणंच गुन्हा ठरू शकतं.

ऑर्डर देताना

मंडपाची रुंदी, उंची आणि मॉडेल आत नेण्याच्या दरवाजाचं माप आणा. दरवाजाचं माप बहुतेक जण विसरतात, आणि मग पंख जागेवर कापावा लागतो. मॉडेल ६ फुटांपेक्षा लांब असेल तर मान, धड आणि शेपूट वेगळी करून नटबोल्टने जोडतो. जोडताना आधी धड, मग शेपूट, शेवटी मान. मान आधी लावली तर तोल पुढे जाऊन धड उलटतं. सातारा भागात पावसात मॉडेल उघड्यावर राहणार असेल तर कागदाच्या लगद्याऐवजी फोम मागा, ओलाव्याने लगद्याला बुरशी धरते. पडद्याचं कापड भिजलं तर पंख मिटू नका, उघडाच सावलीत वाळवा.