ढोलकीवर शिकलेलं नागरिकशास्त्र

शाळेच्या परिपाठात मुलं रोज प्रतिज्ञा म्हणतात, संविधानाची उद्देशिका म्हणतात, फळ्यावर सुविचार असतो. वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन अशी दहा मूल्यं ठरवून दिलेली आहेत. कलेचा तास वेगळा, आणि तो गणिताचे सर कधी मागून घेतील याचा नेम नाही. महाराष्ट्रात या दोन गोष्टींची अशी फारकत नेहमीच नव्हती. माणसाला नागरिक करण्याचं बरंचसं काम इथे ढोलकी-तुणतुण्यावर झालं, आणि तेही मतदानाचा हक्क मिळण्याच्या कितीतरी आधीपासून.

सुरुवात एका नाकारलेल्या नाटकापासून करावी लागते. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहून मराठी पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. एक जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहदशेची भीती घालून कुटुंबाला लुबाडतो, विदूषक मध्येमध्ये तोंड घालून त्याचं पितळ उघडं पाडतो, आणि शेवटी नवरा-बायको रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात. कमिटीने ते स्वीकारलं नाही. छापून यायला १९७९ उजाडलं. नाटकाचा शेवट शाळेच्या दाराशी होतो, यातच पुढच्या शंभर वर्षांची दिशा दिसते.

१८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्यातून पुढे जलसे, म्हणजे गाण्या-नाट्यातून प्रबोधन करणारे खेळ, निघाले. त्यांची युक्ती साधी होती. गावाला तमाशा माहीत आहे ना, मग तोच घ्यायचा आणि आतला ऐवज बदलायचा. सुरुवातीचं देवाला वंदन, म्हणजे गण, ठेवला, पण त्यातल्या देवाचा अर्थ बदलला. गवळणीतली छेडछाड काढली. वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, राजा-राणीऐवजी सावकार, भट, कुलकर्णी आणि पोराला शाळेत न घालणारा बाप आला. पुढे १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आणि इतर जलसाकारांनी हाच साचा आंबेडकरी चळवळीसाठी वापरला. १९२७ चं महाड आणि १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह लोकांपर्यंत गेला तो वर्तमानपत्रांतून कमी आणि जलशांतून जास्त, असं मला वाटतं. ज्याला अक्षरओळखच होऊ दिली नव्हती, त्याला ‘तुझा हक्क’ हा शब्द कानावाटेच मिळणार होता.

पण जलशाने विचार दिला, शिस्त लावण्याची सोय त्यात फारशी नव्हती. ती केली राष्ट्र सेवा दल या तरुणांच्या संघटनेने. ४ जून १९४१ रोजी पुण्यात सेवा दलाची नव्याने उभारणी झाली, दलप्रमुख होते एस. एम. जोशी. मैदानावरच्या शाखेत कवायत, खेळ आणि गाणी, सगळ्या जातिधर्मांची मुलं, आणि मुलगे-मुली एकत्र. या शेवटच्या गोष्टीने त्या काळी किती घरांत वाद झाले असतील! गावोगाव गाणी-नाटकं करणारं कलापथक या शाखेतूनच आलं. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारखी माणसं त्यात होती.

कलापथकातलं चारित्र्यशिक्षण संवादांत नव्हतं, असं माझं मत आहे. ते तालमीत होतं. ठरल्या वेळी यायचं, कोरसमध्ये उभं राहिलो म्हणून रुसायचं नाही, पडदा स्वतः बांधायचा, परक्या गावात एका पंगतीत बसून जे वाढतील ते खायचं. समतेवर गाणं म्हणणाऱ्याला त्याच रात्री समतेने जेवावं लागे. पाठांतरात पळवाट असते, पंगतीत नसते.

याची खरी परीक्षा १९४७ मध्ये झाली. अमळनेरच्या शाळेत शिक्षक आणि वसतिगृहाचे पालक राहिलेल्या साने गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून आधी महाराष्ट्रभर दौरा केला. सेनापती बापट बरोबर होते, सेवा दलाचे सैनिक होते, गाणी होती. मग १ मे रोजी गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी उपोषण सुटलं, मंदिर खुलं झालं. उपोषणाची आठवण सगळे काढतात. त्याआधीचे ते गावोगाव गाणी म्हणण्याचे महिने मात्र पुस्तकांत दोन ओळींत उरकले जातात.

शेजारीच, बऱ्याचदा भांडणाच्या अंतरावर, कम्युनिस्ट विचारांचं लाल बावटा कलापथक होतं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचं. त्यांना चारित्र्य वगैरे शब्दांत रस नव्हता, गिरणी कामगाराच्या पोटात होता. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णाभाऊंची छक्कड, म्हणजे तमाशाच्या ढंगाचं गाणं, विरहाची म्हणून सुरू होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीवर येऊन थांबते. सरकार या मंडळींना बिचकून असे. १९५४ पासून तर नाटक-तमाशाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागू लागली.

स्वातंत्र्यानंतर कलापथकांपुढचा प्रश्न बदलला. इंग्रज गेले, आता बोट कोणाकडे दाखवायचं? उत्तर आलं ‘पुढारी पाहिजे’ या लोकनाट्यातून. पु. ल. देशपांड्यांनी ते सेवा दलाच्या कलापथकासाठी लिहिलं. निळू फुले या तरुणाने त्यात काम केलं, आणि १९५७ च्या निवडणुकीच्या वेळी त्यांनी स्वतः ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हे लोकनाट्य लिहिलं. राम नगरकर, दादा कोंडके याच वाटेने आले. नुकताच मत द्यायला लागलेला गाव आपल्याच पुढाऱ्याच्या नकलेवर मोकळेपणी हसत होता. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लोकप्रतिनिधीचे अधिकार आणि कर्तव्यं असतात, त्याच्यावर हसता येतं हे कुठे लिहिलेलं नसतं.

या शाखांतून नट घडले, तसे रस्त्यावर उतरणारेही घडले. पाण्यासाठी मोर्चे काढून ‘पाणीवाली बाई’ झालेल्या मृणाल गोरे, पुढे खासदार झालेल्या प्रमिला दंडवते सेवा दलाच्याच. उणीवही सांगायला हवी. सेवा दलाचा चेहरा बराच काळ शहरी आणि मध्यमवर्गीय राहिला, आणि ज्या तमाशा कलावंतांकडून हा साचा घेतला, त्यांच्या पदरात या प्रतिष्ठेतलं फार थोडं पडलं.

हल्ली दहावीच्या निकालात लोककलेसाठी वाढीव गुण मिळतात. ते सादरीकरणाला मिळतात. वगात सरपंचाला काय विचारलं, याला नव्हे.