पट्ट्याचं माप देण्याआधी

‘पट्टा लावला की पाठ सरळ होईल ना?’ मापाला आलेले आईबाबा पहिला प्रश्न हाच विचारतात. पट्टा म्हणजे पाठीचा कडक प्लास्टिकचा साचा. कण्याला एका बाजूला आलेला बाक (स्कोलिओसिस) कशामुळे आलाय, त्यावर उत्तर ठरतं. म्हणून आधी हा कागद वाचा, ऑर्डर मग द्या.

जन्मजात बाकात मणकेच वेगळे घडलेले असतात. एखादा मणका अर्धाच, पाचरीसारखा राहतो, नाहीतर दोन-तीन मणके एका बाजूने जोडलेलेच राहतात. मग एक बाजू वाढते, दुसरी अडते आणि कणा वाकत जातो. हे घडतं गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत, दिवस गेल्याचं अनेकींना कळायच्याही आधी. ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं, असं सुनेला ऐकवणारी मंडळी आमच्या दुकानातही येतात. त्याचा काही संबंध नाही. दप्तराच्या ओझ्याचाही नाही.

हाडाचा आकार बाहेरच्या प्लास्टिकने बदलत नाही. जन्मजात बाक पट्ट्याने सरळ होत नाही, हे गिऱ्हाईक परत गेलं तरी आम्ही सांगतो. त्याच्या वर किंवा खाली तयार झालेला दुसरा बाक आवरायला सर्जन कधीकधी पट्टा लिहून देतात, तेवढाच त्याचा उपयोग. खरं काम ठरलेल्या तारखेला एक्स-रे काढून बाकाचा कोन मोजत राहण्याचं. पहिली पाच वर्षं आणि वयात येतानाचा काळ फार जपायचा, कारण उंची तेव्हाच झपाट्याने वाढते. मूत्रपिंड, हृदय आणि मज्जारज्जूही मणक्यांच्याच सुमारास घडतात. त्यामुळे सोनोग्राफी, टूडी इको, एमआरआय लिहून दिलं असेल तर ‘पाठीचा नि किडनीचा काय संबंध’ म्हणून टाळू नका.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडतो), एसएमए आणि डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (दोन्ही स्नायू दुबळे करत नेणारे आनुवंशिक आजार) यांची गोष्ट वेगळी. इथे मणके सहसा ठीक घडलेले असतात, पण त्यांना धरून ठेवणारे स्नायू एकतर दुबळे, नाहीतर आखडलेले. कणा लांबलचक कमानीसारखा झुकतो, कंबर कलते, लेकरू एकाच कुल्ल्यावर भार देऊन बसतं आणि पडू नये म्हणून हात टेकवून ठेवतं. पट्टा लावला की ते हात सुटतात. ताटातला घास स्वतः उचलता येतो. बाक वाढायचा थांबेल, याची हमी मात्र कुणी देऊ नये. डुशेनच्या मुलांचं चालणं थांबून व्हीलचेअर आली की बाक बहुधा वेगाने वाढतो. श्वासाला जागा राहावी म्हणून अशा मुलांच्या पट्ट्याला आम्ही पोटावर खिडकी कापतो. दिव्यांगांसाठीच्या २०१६च्या कायद्यात सेरेब्रल पाल्सी आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी दोन्ही येतात. प्रमाणपत्र काढून घ्या.

पट्ट्याचा खरा फायदा वयात येणाऱ्या मुलामुलींच्या, कारण न सापडणाऱ्या बाकात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पट्टा घेतलेल्यांपैकी ७२ टक्के जणांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसती देखरेख असलेल्यांत ४८ टक्के. जितके तास जास्त वापर, तितका गुण जास्त.

आता आपल्या नागपूरचा उन्हाळा. पारा ४५ला टेकतो तेव्हा पट्ट्याखाली घाम साचणारच. आत बिनशिवणीचं सुती बनियन घाला, दिवसातून दोनदा बदला. पावडर, तेल नको. काढल्यावर उमटलेली लाली अर्ध्या तासात गेली नाही तर पट्टा पुन्हा न लावता थेट आमच्याकडे या; दुरुस्तीचे पैसे लागत नाहीत. उन्हात उभ्या गाडीत पट्टा विसरू नका.

मापाला येताना डॉक्टरांची चिठ्ठी, जुने-नवे सगळे एक्स-रे आणि एक जुना टॉवेल आणा. मापासाठी अंगावर लावतो ते प्लास्टर ओलं असतं. लेकराला जेवू घालून लगेच आणू नका, दोन तास जाऊ द्या.